पिशव्यांची रांग

अमेरिकेतल्या फ्लशिंग या चिनी वस्तीत रांगेत माणसं उभी राहत नाहीत, पिशव्या उभ्या राहतात. जडीबुटीच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर उजाडता उजाडता एक लाल-निळ्या चौकड्यांची पिशवी येऊन बसते. तिच्यामागे तेलाचा रिकामा डबा, डब्यामागे दोरीने बांधलेली छत्री, मग कुणाची तरी एकच चप्पल. मालक मंडळी तोवर बागेत हातपाय हलवत असतात, नाहीतर भाजीवाल्याशी भांडत असतात. बस आली की जो तो आपापल्या वस्तूमागे येऊन उभा राहतो. चप्पल चोरीला गेल्याचं कुणी ऐकलेलं नाही आणि नंबर चोरल्याचं तर मुळीच नाही.

चौकड्यांची पिशवी शिउमिनची. तिच्यात थर्मास, चहात उकडलेली अंडी, सूर्यफुलाच्या बिया आणि एक गजराचं घड्याळ असे. घड्याळ चीनमधल्या फुशुनच्या पोलाद कारखान्याने दिलेलं. कामगारांना घरी बसवताना कारखान्याने प्रत्येकाला एकेक गजराचं घड्याळ भेट दिलं होतं, म्हणजे उद्यापासून उठायचं कारण नाही हे त्यांना वेळेवर कळावं. चावीचं, डोक्यावर दोन पितळी वाट्या असलेलं. ते चालू असलं की पिशवीला दमा लागल्यासारखा वाटे, आणि वाजलं की बहिऱ्यालाही राग येई.

ही बस कनेक्टिकटच्या जंगलातल्या जुगारघराकडे जाते. येणाऱ्याला जुगारघर खेळायला फुकट कूपन देतं, जेवणाचं वेगळं. फ्लशिंगच्या म्हाताऱ्यांनी यातलं मर्म फार पूर्वीच ओळखलं होतं. कूपन खऱ्या जुगाऱ्याला जरा कमी भावात विकायचं, फुकटचं जेवायचं, गालिच्यावरच्या खुर्चीत डुलकी काढायची आणि त्याच बसने परत यायचं. जुगारघरात जाऊन जुगार न खेळणं हा गावातल्या पेन्शनरांचा प्रतिष्ठित धंदा झाला होता. शिउमिनच्या तळघरातल्या खोलीचं भाडं त्यातूनच निघे.

अडचण एकच. तिचा नवरा पाओशान खेळत असे.

फुशुनमध्ये त्याने राहता फ्लॅट पत्त्यांत घालवला, तेव्हा शिउमिन त्याला बोलवायला गेली होती. तो पानांवरून नजर न काढता म्हणाला होता, "तू जा पुढं, मी येतोच." तो आला, पण फ्लॅट आला नाही. लेकीने त्यानंतर बापाशी बोलणं टाकलं आणि न्यू जर्सीत राहून ते नेमाने पाळलं. अमेरिकेत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तो शिउमिनला न सांगता जंगलातल्या जुगारघराला गेला, खेळत बसला, आणि बस सुटली. खिशात दमडी नव्हती. शहाणा महामार्गाच्या कडेने बर्फातून चालत निघाला. पोलिसांनी उचलून दवाखान्यात टाकला तेव्हा उजव्या पायाची दोन बोटं कामातून गेली होती.

ती बोटं शिउमिनला फार उपयोगी पडली. तेव्हापासून पाओशान जगात एकाच गोष्टीला भ्यायचा: बस सुटण्याला. त्याचं कूपन त्याने खेळावं, तिचं तिने विकावं, आणि गजर झाला की असेल तिथून उठावं, असा करार ठरला. पिशवीतलं घड्याळ वाजलं की तो हातातला डाव टाकून लंगडत दाराकडे धावे. डॉक्टर, लेक, देव, बायको यांतल्या कुणाचंही न ऐकणारा माणूस त्या पितळी वाट्यांचं ऐके. इतकी वर्षं ऐकत आला होता.

आणि मग एका सकाळी तिकिटं विकणारा फान कर्णा बगलेत धरून म्हणाला, "शिउमिन ताई, आमचं दुकान आता उठणार. जुगारघर स्वतःच चालत येतंय."

"कुठं?"

"खाडीपलीकडं. स्टेडियमच्या शेजारी ते पार्किंगचं मैदान आहे ना, तिथं. हॉटेल, गाण्याचं थेटर, खाऊगल्ली, बाग. आणि सगळ्याच्या मधोमध ते."

"मग बस?"

"शेजारच्या घरी कुणी बसने जातं का, ताई?"

पाओशान मागे उभा राहून ऐकत होता. त्याने खाडीच्या दिशेला पाहिलं. तिकडून बेसबॉलच्या सरावाची टकटक येत होती. त्याचा चेहरा इतका उजळला, की शिउमिनला आपल्या लग्नाचा दिवस आठवला. तेव्हासुद्धा तो एवढा उजळला नव्हता.

"चालत जाता येईल," तो म्हणाला. "माझ्या पायानेसुद्धा."

"तेच तर," शिउमिन म्हणाली.

लांबच्या जुगारघराचा एक मोठा गुण असतो: तिथून परतावं लागतं. कुणीतरी कर्णा वाजवतं, इंजिन सुरू होतं, आणि माणूस नाइलाजाने वाचतो. हे खाडीपलीकडचं कधी बंद होणार नव्हतं. तिथून घरी कधीही येता येणार होतं, आणि कधीही येता येतं तिथून पाओशान येत नसतो, हे शिउमिनइतकं कुणाला ठाऊक होतं? बस गेली की नवरा गेला. हिशेब इतका सोपा होता.

पुढच्या आठवड्यात दोन्ही पक्ष तिला भेटायला आले. आधी आल्या मिस चुआंग, जुगारघर नको म्हणणाऱ्या गटाच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी खुर्ची पुसून घेतली आणि म्हणाल्या, "मंजुरीच्या सुनावणीला बोलाल ना, ताई? जुगाराने घरं कशी उद्ध्वस्त होतात ते सांगा. आणि जमलं तर थोडं रडा."

"मी जुगारघराच्या विरोधात नाही," शिउमिन म्हणाली. "माझं भाडं त्यावर निघतं. ते फक्त लांब असावं."

"बोलायला दोनच मिनिटं मिळतात, तेवढ्यात हे कळणार नाही हो लोकांना," मिस चुआंग म्हणाल्या. "तुम्ही नुसतं रडा."

मग आली विनी, जुगारघर बांधणाऱ्या कंपनीत कामाला असलेली मुलगी. तिचे दात इतके छान होते की तिला हसण्याचा पगार मिळत असावा. तिने कंपनीच्या टोप्या वाटल्या. "आजी, तुम्ही तर आमचं गिऱ्हाईक! एवढ्या लांब कनेक्टिकटपर्यंत धक्के खाता, आता दारातच येतंय. आनंद नाही झाला?"

"म्हाताऱ्याला झालाय," शिउमिन म्हणाली.

"बघा! मग या ना आमच्या तंबूत."

तंबू म्हणजे पार्किंगच्या मैदानावर उभारलेला पांढरा मंडप होता. आत नकाशे, झाडांची चित्रं, फुकट चहा आणि चार हिरवी टेबलं. खेळायला खोट्या चकत्या मिळत. पैसे नाहीत, कायद्याचा भंग नाही, नुसती ओळख. संध्याकाळी ज्याच्याकडे सगळ्यात जास्त चकत्या, त्याला एक भाताचा कुकर.

कंपनीने सगळा विचार केला होता, फक्त फ्लशिंगचा केला नव्हता. ज्या लोकांनी उभं आयुष्य फुकटची कूपनं विकून काढलं, त्यांच्या हातात तिने फुकटच्या चकत्या दिल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी तंबूमागे चकत्यांचा बाजार भरला. तेलाच्या डब्यावाली म्हातारी ठोक भावाने विकू लागली. छत्रीवाला उधारी देऊ लागला. आणि हे सगळं विकत कोण घेत होतं, तर पाओशान. कुकरसाठी म्हणून नव्हे; कुकर त्याच्याकडे होता. त्याला हिरव्या टेबलावरून उठायचं नव्हतं, एवढंच. खऱ्या नोटा देऊन तो प्लास्टिकच्या अशा चकत्या घेत होता, ज्या जिंकल्या तरी प्लास्टिकच राहणार होत्या. जुगाराच्या इतिहासात इतका निरपेक्ष माणूस झाला नसेल.

शिउमिनला हे कळलं ते पिठाच्या डब्यातलं भाडं गायब झालं तेव्हा.

"ते खोटे पैसे आहेत," पाओशान समजुतीच्या सुरात म्हणाला. "खोट्या पैशांत माणूस हरतो होय?"

"डब्यातले खरे होते."

"ते तर मी हरलोच नाही. ते दिले."

त्या दिवशी तिने ठरवलं की सुनावणीत बोलायचं. रडायचं नाही, जुगार वाईट असंही म्हणायचं नाही. नुसतं म्हणायचं: माझा नवरा थांबू शकत नाही. त्याला बस थांबवते. बस नेऊ नका. ही वाक्यं तिने भांडी घासताना म्हणून पाहिली. दुसरं सोपं होतं, तिसरंही. पहिल्यापाशी ती तेच पातेलं पुन्हा घासू लागे. इतकी वर्षं तिने बसमधल्या बायांना सांगितलं होतं, "आमच्या ह्यांना प्रवासाची फार हौस." आता भरल्या सभेत, दुभाष्याकरवी, साऱ्या फ्लशिंगसमोर त्याच्या अंगावरचं उरलंसुरलं वस्त्रही ओढून घ्यायचं होतं. आणि तो तिथंच पुढच्या रांगेत कंपनीची टोपी घालून बसलेला असणार.

सुनावणी स्टेडियमजवळच्या सभागृहात होती. बोलायचं असेल त्याने दारात नाव नोंदवावं, आधी येईल त्याला आधी संधी, अशी व्यवस्था. आधी येणं म्हणजे काय, हे फ्लशिंगच्या म्हाताऱ्यांना शिकवावं लागत नाही. उजाडताच शिउमिन पूल ओलांडून आली आणि सभागृहाच्या काचेच्या दारासमोर तिने चौकड्यांची पिशवी ठेवली. घड्याळाला चावी होती. सवयीने दिली होती. तिच्यामागोमाग तेलाचा डबा आला, छत्री आली, तारेने गुंडाळलेला जुना थर्मास आला, चिकटपट्टीने बंद केलेलं खोकं आलं, चप्पल आली. दरवाज्यापासून पायऱ्यांपर्यंत सुरेख रांग लागली. मग सगळी मंडळी नेहमीप्रमाणे निघून गेली. कुणी बागेत गेलं, कुणी तंबूत चहाला. शिउमिन नवऱ्याला उठवायला घरी गेली.

ती त्याला घेऊन परत आली तेव्हा सभागृहाभोवती पिवळी पट्टी बांधलेली होती. पोलिसांच्या गाड्या होत्या, दोन कुत्रे होते, आणि रांगेच्या टोकाला चाकांवरचं एक यंत्र लोखंडी हात पुढे करून तिच्या पिशवीकडे सावकाश निघालं होतं.

"काय झालं?" तिने फानला विचारलं.

"बॉम्ब," फान म्हणाला. "रखवालदाराला एका पिशवीतून टिकटिक ऐकू आली म्हणे. कुणी सैतानाने घड्याळ ठेवलंय आत." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने आवाज उतरवला. "ताई... तुमचं तर नाही ना ते?"

"माझंच."

"गप्प बसा. हात जोडतो, गप्प बसा. तुमची नव्हेच ती पिशवी. अशा पिशव्या दुकानात ढिगाने मिळतात."

शिउमिनने पाओशानकडे पाहिलं. तो यंत्र बघत होता, लहान पोराच्या कौतुकाने. "ते कशाला जातंय आपल्या पिशवीपाशी?" त्याने विचारलं.

ती पट्टीखालून वाकून आत गेली. तीन पोलीस एकदम ओरडले. एकाने तिला अडवलं, दुभाषी मुलगी धावत आली.

"त्यांना सांग, पिशवी माझी आहे," शिउमिन म्हणाली. "आत काही नाही. नुसतं घड्याळ आहे."

मुलीने सांगितलं. पोलिसाने मान हलवली.

"ते म्हणतात, म्हणूनच तर."

मागे फटाक्यासारखा आवाज झाला. फार मोठा नव्हता. यंत्राने पाण्याचा एक फवारा पिशवीत मारला होता. अंडी पायऱ्यांवर फुटली, बिया हवेत उडाल्या, आणि दोन पितळी वाट्यांपैकी एक घरंगळत, वाजत, बराच वेळ वाजत, गटाराच्या जाळीपाशी जाऊन आडवी झाली.

मग पोलिसांनी बाकीच्या वस्तूंना क्रमाने न्याय दिला. चप्पलसुद्धा सुटली नाही.

शिउमिनला त्यांनी एका गाडीत बसवलं. पोलीस वयस्क होता, स्वभावाने वाईट नव्हता. त्याने विचारलं, घड्याळ पिशवीत कशासाठी? आणि शिउमिनने सांगितलं. गाडीच्या मागच्या सीटवर, दुभाषी मुलीच्या तोंडून, तिने सगळं सांगितलं. माझा नवरा थांबू शकत नाही. हे वाक्य इतकं सहज बाहेर पडलं, की तिचं तिलाच नवल वाटलं. मग फ्लॅट सांगितला, लेक सांगितली, बर्फ आणि बोटं सांगितली, पिठाचा डबा सांगितला. बस नेऊ नका, म्हणाली. दुभाषी मुलगी मध्येच थांबली, नाक पुसलं, आणि पुन्हा सांगू लागली. दोन मिनिटांची कुणी अट घातली नव्हती.

पोलिसाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला फार वाईट वाटतं. पण हे आमच्या खात्याकडे येत नाही." आणि त्याने लिहून घेतलं: घड्याळ, बसच्या वेळेसाठी.

"मग कुणाच्या खात्याकडे येतं?" शिउमिनने विचारलं.

त्याने बोटाने सभागृह दाखवलं.

सभागृह आता उघडं होतं. मंजुरी देणारी समिती परत येऊन बसली होती आणि उठायच्या बेतात होती. अध्यक्षांनी जाहीर केलं की सुरक्षेच्या कारणास्तव बराच वेळ वाया गेला आहे. ज्यांनी आगाऊ ऑनलाइन नावं दिली होती त्यांची भाषणं झाली, ते सगळे शिस्तीने टोप्या घालून आले होते. दारात नोंदवायची नावं कुणी नोंदवलीच नाहीत, कारण नोंदवणारे पट्टीबाहेर होते. विरोधकांपैकी अनेकांनी बोलण्याचा हक्क वापरला नाही, याची समितीने नोंद घेतली. मिस चुआंग खुर्चीवर उभ्या राहून काहीतरी ओरडत होत्या. रडत पण होत्या. फ्लशिंगच्या वतीने शेवटी त्यांनाच रडावं लागलं.

शिउमिन बाहेर आली. पाओशान कुठेच दिसेना.

"तंबूत आहेत सगळे," फान म्हणाला. "बाहेर काढल्यावर त्या कंपनीच्या पोरीनेच नेलं. ऊन होतं, म्हातारी माणसं. चहा दिला, चकत्या दिल्या. माणुसकी आहे हो तिच्यात."

तंबूत गारवा होता. चारही टेबलं भरली होती. पाओशान मधल्या टेबलाशी बसला होता, टोपी मागे सारून, पुढ्यात चकत्यांचे उंच मनोरे. तो जिंकत होता. आयुष्यात पहिल्यांदाच असा जिंकत होता, आणि ते प्लास्टिक होतं. त्याच्या चेहऱ्यावर तिने असं समाधान पाहिलं, की क्षणभर तिचा पाय दारातच अडला.

मग ती सवयीने पिशवीत हात घालायला गेली, आणि पिशवी नव्हती.

तेव्हा तिने दोन्ही हात वर केले आणि छाती फुटेस्तोवर ओरडली, "बस सुटली!"

तंबूतली सगळी म्हातारी माणसं दचकून अर्धवट उठली. डब्यावाली उठली, छत्रीवाला उठला. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप दाराकडे वळले. पाओशानसुद्धा उठला. खुर्ची मागे सरकली, उजवा पाय चाचपडला.

मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. कापडाच्या भिंतीतून स्टेडियमची सावली दिसत होती, आणि तिच्या पलीकडे खाडी, पूल, त्यांची गल्ली.

"कुठली बस?" तो म्हणाला. त्याचा आवाज प्रेमळ होता. "घर तर इथंच आहे, शिउमिन."

तो बसला. चकत्या हाताने नीट सारख्या केल्या.

"तू जा पुढं. मी येतोच."

कुणीतरी फोटो काढला. उजेड चमकला, विनी हसली.

समितीने मंजुरी दिली, आणि तंबू लोकाग्रहास्तव चालूच राहिला. काम सुरू व्हायला अजून अवकाश आहे, तोवर जंगलाकडे जाणारी बस आहे. तिच्या पाठीवर कंपनीने आपली जाहिरात लावली आहे. एक चिनी आजी, तोंड उघडं, दोन्ही हात आनंदाने वर, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'आमचे शेजारी वाट पाहताहेत.' फानने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो कर्णा खाली ठेवून दुकानात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

शिउमिन रोज जाते. भाडं आहे. फुटपाथवर ती आता जुन्या उशीचा अभ्रा ठेवते, आत थर्मास. जंगलात पोचल्यावर कूपन विकते, जेवते, खुर्चीत बसते. परत निघायची वेळ झाली की कुणी न बोलावता सगळ्यांच्या आधी उठते.

बसमध्ये खिडकीची जागा पाओशानची होती. ती तिथं बसत नाही. त्या जागेवर ती त्याची जुनी लोकरी टोपी ठेवते, आणि बस कितीही भरली तरी माणसं उभी राहतात. अशी राखलेली जागा फ्लशिंगमध्ये कुणी घेत नाही.